दुधात पाणी का घातलं, ते विचारा



गृहविज्ञानाच्या शिक्षकांचं संमेलन आरे कॉलनीत घ्यायचं ठरलं तेव्हा काहींनी जागेबद्दल शंका काढली होती. गोरेगाव स्टेशनहून आत यायला वेळ जातो, पावसाळ्यात रस्त्याचे हाल असतात, हे खरंच आहे. पण मूल्यमापनाबद्दल बोलायचं तर मुंबईत याहून योग्य जागा मला सुचत नाही. ही वसाहत जन्माला आली तीच एका घरगुती प्रश्नातून. शहरातल्या मुलांना रोज सकाळी चांगलं, परवडणारं दूध कसं मिळणार? दाट वस्तीतले तबेले हलवून 1949 साली म्हशी इथे आणल्या गेल्या. त्यावेळचे दूध आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेचे शिल्पकार. 1963 साली व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काचेची बाटली, दुधाचं कार्ड, केंद्रावरची पहाटेची रांग हे तुमच्यापैकी ज्येष्ठांना सांगायला नको.

खुरोडींचं नाव आणखी एका गोष्टीशी जोडलेलं आहे, ती म्हणजे टोन्ड दूध. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यावर दोनतीन ओळी असतात आणि परीक्षेत प्रश्न येतो, ‘टोन्ड दूध म्हणजे काय? त्याचे फायदे लिहा.’ मुलगी त्या ओळी जशाच्या तशा उतरवते. तिला पाचपैकी चार गुण मिळतात. तिला काय समजलं ते आपल्याला कळलेलं नसतं.

आता हाच विषय मी दुसऱ्या रीतीने मांडते. शंभर किलो म्हशीचं दूध घ्या. स्निग्धांश 6 टक्के आणि स्निग्धेतर घनपदार्थ 9 टक्के धरा. त्यात शंभर किलो पाणी ओतलं तर स्निग्धांश 3 टक्क्यांवर येतो आणि घनपदार्थ साडेचारावर. ही उघड भेसळ. पण पाणी थोडं कमी घालून, त्यात आठ किलोहून जरा जास्त साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळली, आणि सगळं मिळून दोनशे किलो केलं, तर स्निग्धांश 3 टक्केच राहतो आणि घनपदार्थ साडेआठ टक्क्यांवर येतात. हे झालं टोन्ड दूध. त्यावर तसं छापलेलं असतं, किंमत कमी असते, आणि ज्या घराला म्हशीचं अख्खं दूध परवडत नाही त्या घरातल्या मुलाला प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं. पाणी दोन्हीकडे आहे. एकीकडे ती फसवणूक ठरते, दुसरीकडे धोरण. का, ते ज्या विद्यार्थ्याला सांगता येतं त्याला आहारशास्त्र, गणित, ग्राहकाचे हक्क आणि गरिबीचं अर्थकारण या चारही गोष्टी थोड्याथोड्या कळलेल्या असतात.

म्हणून माझी सूचना अशी. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर तीन भांडी ठेवा, एकात म्हशीचं दूध, दुसऱ्यात तेच दूध निम्मं पाणी घालून, तिसऱ्यात टोन्ड. शेजारी लॅक्टोमीटर, आयोडीनची बाटली, पिशवीवरचं लेबल आणि त्या दिवसाचे भाव. मग विद्यार्थ्याला एक घर द्या. घरात दोन वर्षांचं मूल आहे, रक्तातली चरबी वाढलेले आजोबा आहेत, महिन्याचा दुधाचा खर्च ठरलेला आहे. कोणतं दूध किती घ्याल? का घ्याल? गुण उत्तराला देऊ नका, कारणांना द्या. फक्त लॅक्टोमीटर पाहून निकाल देणाऱ्याला थांबवून विचारा, की पाण्याबरोबर पिठूळ काही मिसळून आकडा सावरला असेल तर? त्यावर जो आयोडीनची बाटली उचलतो, दुधात थेंब टाकतो आणि निळा रंग येतो का ते पाहतो, त्याला विषय कळला आहे. हे पाहायला दहा मिनिटं लागतात. पाच पानांच्या उत्तरपत्रिकेतून ते दिसत नाही.

मी अनेक वर्षं बाह्य परीक्षक म्हणून महाविद्यालयं पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच. जर्नलला ब्राऊन पेपरचं कव्हर, समासाला लाल रेघ, टेबलावर गाजराची फुलं कोरलेलं ताट. परीक्षक चमचाभर चाखतो आणि दहापैकी आठ लिहितो. ते ताट कोणासाठी आहे, त्याला खर्च किती आला, गॅस किती जळला, उरलेल्याचं काय होणार, हे कोणी विचारत नाही. ज्या घरात आई रोज निगुतीने स्वयंपाक करते तिथली मुलगी या परीक्षेत सहज पुढे जाते. जिला आजवर ओव्हन पाहायला मिळाला नाही ती मागे पडते. म्हणजे आपण मुलीचं शिक्षण तपासत नाही, तिचं माहेर तपासतो. हे मला मनापासून खुपतं.

आपल्या राज्यात याचा विचार झालेला नाही असं नाही. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची साधनं त्यात दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी ‘इतर’, ज्यात स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन, गटकार्य येतं. कागदावर याहून उदार यादी शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात काय झालं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर्षाच्या शेवटी नोंदवह्या भरल्या गेल्या आणि वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळू लागली. दोष शिक्षकांच्या आळसाचा नव्हता. पन्नास-साठ मुलांचं रोज निरीक्षण करून लिहायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न कुणी सोडवलाच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. तिचं स्वागत करताना हा अनुभव विसरू नका.

वर्ग मोठा असेल तर करायचं काय? याला एक उत्तर वैद्यकीय शिक्षणातून मिळतं. स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली परीक्षेची एक पद्धत मांडली. खोलीत ओळीने टेबलं लावायची, प्रत्येक टेबलावर पाच मिनिटांचं एक काम, घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या टेबलावर. प्रत्येक ठिकाणी परीक्षकाच्या हातात ठरलेल्या मुद्द्यांची यादी. आपल्याला हे सहज करता येईल. एका टेबलावर जुलाब झालेल्या मुलासाठी जलसंजीवनी करायची. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे नुसतं सांगून चालणार नाही, मोजून दाखवायचं. दुसऱ्यावर बिस्किटाचा पुडा, त्यावर चौदा अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन आणि तारीख शोधायची, कमी भरलं तर तक्रारीच्या चार ओळी लिहायच्या. तिसऱ्यावर उसवलेली शिवण. चौथ्यावर रडणारं मूल आणि थकलेली आई, त्या भूमिका सीनियर मुलींनी करायच्या. एका सकाळी अख्खा वर्ग तपासून होतो.

ग्राहकशिक्षणाच्या टेबलाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मुंबईला त्याची मोठी परंपरा आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 सालची. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून एकत्र खरेदी करायची, माल तपासून घ्यायचा, ही शिस्त हजारो मध्यमवर्गीय घरांनी तिथे शिकली. आता 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, 1915 हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण आपल्या परीक्षेत आजही ‘ग्राहकाचे हक्क सांगा’ एवढंच येतं. विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातली एक खरी तक्रार शेवटपर्यंत न्यावी, पावती जपावी, पत्रं ठेवावीत, उत्तर आलं नाही तर पुढे काय केलं ते लिहावं. तक्रार फसली तरी नोंद पूर्ण असेल तर पूर्ण गुण.

फसलेल्या प्रयत्नाला गुण, हे आपल्याकडे अजून रुजलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्या वर्गातल्या मुली, त्यांच्या आया, त्यांच्या बहिणी. आपण लोहाचे स्रोत पाठ करून घेतो. त्याऐवजी मुलीने महिनाभर एका घराबरोबर काम करावं. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलायचा, भाजीवर लिंबू पिळायचं, अळिवाचे लाडू करायचे, असे दोनतीन साधे बदल सुचवावेत आणि काय झालं ते लिहावं. ‘सासूबाईंनी चहा सोडला नाही, नाचणीची भाकरी मुलांनी खाल्ली नाही, मग मी आंबील करून पाहिली’ असं लिहिणाऱ्या मुलीने माणसं पाहिली आहेत. सगळं यशस्वी झालं असं लिहिणारीकडे परीक्षकाने जरा जास्त वेळ बसावं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. स्वतः अन्नतंत्रज्ञानाचे संशोधक, मोठ्या कंपनीतलं काम सोडून खेड्यात गेलेले. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांमध्ये चालतो. त्यात शेती, ऊर्जा आणि अभियांत्रिकीच्या बरोबरीने गृह आणि आरोग्य हा विभाग आहे. मुलं आणि मुली दोघेही तो करतात, हे मी मुद्दाम सांगते. तिथली मुलं गावाला लागणारी कामं करतात आणि प्रत्येक कामाचा खर्च मांडतात. चिक्की केली तर तिचा हिशेब लिहायचा, तो जुळला नाही तर काम अपुरं. गावातला माणूस ती वस्तू विकत घेतो तेव्हा तोही एक परीक्षकच असतो.

एलन रिचर्ड्स यांनाही हेच अभिप्रेत होतं. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या या रसायनतज्ज्ञ बाईंनी 1899 साली लेक प्लॅसिडला पहिली परिषद भरवण्यात पुढाकार घेतला आणि आपल्या विषयाला जगात ओळख मिळाली. घरातलं पाणी, हवा, अन्न तपासता येणं हे त्यांच्या दृष्टीने शिक्षण होतं. गाजराची फुलं नंतर आली.

आता परत आरेकडे. या सभागृहाच्या बाहेर रस्ता जिथे झाडीत शिरतो तिथे आदिवासी पाडे आहेत. केलटीपाडा, नवशाचा पाडा, जीवाचा पाडा. तबेले येण्याच्या आधीपासून इथे वारली आणि इतर समाजाची माणसं राहत आली आहेत. पहिला पाऊस पडला की इथल्या बायका शेवळं काढतात. हा कंद-कोंब कच्चा खाल्ला तर घशाला खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया असतात. म्हणून त्यात काकडं घालतात, ती आंबट-तुरट फळं. पुढे टाकळा, कुर्डू, करटोली येतात. कोणती पानं कोवळी असताना घ्यायची, कोणतं पाणी फेकायचं, हे त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं. तीच मुलगी आपल्याकडे आली की आपण तिला व्हाइट सॉस करायला लावतो आणि गुठळ्या झाल्या म्हणून गुण कापतो.

माझा आग्रह आहे की अशा मुलीची तोंडी परीक्षा शेवळांवर घ्यावी. ती आधी सांगेल, मग आपण तिला ऑक्झॅलेटकडे न्यावं, आंबट घातल्याने काय होत असावं याचा तर्क करायला लावावा, आणि 2017 च्या भारतीय अन्नघटक तक्त्यात आपली रानभाजी आहे का ते शोधायला सांगावं. नसेल तर तीही शिकण्यासारखी गोष्ट आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी अंगणवाड्या आणि कुरणशाळा चालवल्या. शाळा मुलांकडे नेली, गुरं चरतात त्या कुरणात नेली. परीक्षाही तशी नेता येते.

एका धोक्याची जाणीव ठेवायला हवी. लेखी परीक्षेत परीक्षकाला मुलीचा चेहरा दिसत नाही. आपण सांगतो आहोत त्या पद्धतीत दिसतो, तिची भाषा ऐकू येते, कपडे दिसतात. म्हणून गुणांचे निकष आधी ठरलेले, लिहिलेले आणि विद्यार्थ्यांना आठवडाभर अगोदर दिलेले हवेत. दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मोठा फरक पडला तर बसून बोलावं. कोणत्याही प्रकल्पासाठी विद्यार्थ्याच्या खिशातून खर्च होता कामा नये, साहित्य संस्थेने द्यावं. थर्मोकोल, चकाकणारा कागद, बांधणी यांना शून्य गुण असावेत, आणि हे पहिल्याच दिवशी सांगावं. निरीक्षणाच्या नोंदींसाठी शिक्षकांच्या कार्यभारात तास धरले जावेत, ही मागणी आपण या संमेलनातून विद्यापीठांकडे आणि मंडळाकडे लेखी करू.

दुपारच्या सत्रात भाषणं नाहीत. आठ-आठ जणांचे गट करू. प्रत्येक गटाला दुधाची ती तीन भांडी मिळतील. तुम्ही निकष लिहायचे, मग शेजारच्या गटाशी अदलाबदल करायची. आपल्या विद्यार्थ्यांपैकी दोघं तयार झाली आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. ती दोघं सगळ्यांसमोर परीक्षा देतील आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण लिहायचे. आकडे फळ्यावर मांडू. जिथे आपले आकडे जुळणार नाहीत तिथून चर्चेला सुरुवात करू.