चष्मा आधी धुवा, मग पुसा



चाळिशी उलटली की जवळचं अंधुक होतं. तुम्हा-आम्हाला, तसंच भामरागडकडच्या आजीलाही. मे महिन्यात ती तेंदूची ७० पानं मोजून एक पुडा बांधते, मजुरी पुड्यांवरच. चष्मा गेला तर मोजायला नातीला शेजारी बसवावं लागतं, आणि नातीची स्वतःची पानं तोडायची राहतात.

चष्मे फुटतात कमी, ओरखडे पडून वाया जातात जास्त. हल्ली काचा बहुतेक प्लॅस्टिकच्याच असतात. धुळीची काच पदराने कोरडी पुसली की ती धूळच कानशीसारखी चालते. म्हणून आधी पाणी ओता, साबणाचा थेंब बोटाने हलकेच फिरवा, पुन्हा धुवा आणि जुन्या सुती कापडाने टिपा. राख मात्र नको! भांडी राखेने लखलखतात, म्हणून काचेलाही राख लावणारे भेटतात.

गडचिरोलीत हिवतापामुळे डासांची क्रीम लावावीच लागते. पण काही क्रीममधलं ‘डीट’ प्लॅस्टिकच्या काचा आणि दांड्या खराब करतं. क्रीम लावल्यावर हात धुवा, मगच चष्मा धरा. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बंद गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवलेल्या चष्म्याचा वरचा थर तडकतो.

चष्मा दोन्ही हातांनी काढा, नाहीतर दांड्या सैल होतात.

जुने चष्मे देणार असाल, तर एका पिशवीत कोंबू नका. प्रत्येक चष्मा कापडात गुंडाळा, आणि जवळचा की दूरचा, नंबर किती, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.