पुन्हा चाकांवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



‘माझा छंद’ या विषयावर बोला, असं चिटणीसबाईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा माझं भरतकाम असावं. माझे रुमाल मंडळाच्या विक्रीत दरवर्षी असतात आणि दरवर्षी उरतात, तेव्हा त्याविषयी अधिक काही न बोलणंच बरं. आज मी स्केटिंगविषयी बोलणार आहे. बर्फावरचं नव्हे; पायाला चार-चार चाकं बांधून सिमेंटच्या मैदानावर करायचं ते. माझं वय चोपन्न आहे, आणि मधले काही महिने सोडले तर गेली तीन वर्षं मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी हा उद्योग करते. माझ्या उजव्या मनगटाचा हा किंचित वाकडेपणा आपल्यापैकी काहीजणींनी पाहिला आहे आणि मला सोडून बाकी सगळ्यांना त्याविषयी विचारलं आहे. त्याचाही खुलासा ओघात होईल.

आमचं लहानपण दादरच्या हिंदू कॉलनीत गेलं. १९८२ च्या दिवाळीत वडिलांनी मला आणि धाकट्या भावाला मिळून स्केट्सचा एक जोड आणला. ‘मिळून’ हा शब्द आमच्या घरी फार चाले. लोखंडी पट्टीचे स्केट्स. नट सैल करून लांबी कमीजास्त करायची आणि चामडी पट्ट्यांनी ते बुटावर आवळायचे. जोड एक आणि पाय चार, म्हणून आम्ही एकेक वाटून घेतला. एक पाय चाकांवर, दुसऱ्याने जमीन रेटायची आणि एकमेकांचा हात धरायचा, असे आम्ही गल्लीतून जात असू. चाकांचा खडखडाट इतका होई की दुपारी निजलेली माणसं गॅलरीत येऊन आमच्या नावाने ओरडत. रविवारी सकाळी वडील माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सला नेत. तिथे मात्र पाळीपाळीने दोन्ही स्केट्स घालायला मिळत. झाडांखालच्या त्या रस्त्यावरून पहिल्यांदा दोन्ही पायांनी न थांबता गेले, तेव्हाचा वारा मला अजून आठवतो.

पुढे ते सुटलं. मला कुणी बंदी केली असती तर आज सांगायला एक बरी गोष्ट झाली असती. पण तसं काही घडलं नाही. मी तेरा वर्षांची असताना एक आत्या सहज म्हणाल्या, “आता मोठी झालीस गं.” आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी माझा स्केट भावाला देऊन टाकला. त्याचे दोन झाले. तोही यथावकाश मोठा झाला, पण त्याला ते कुणी सांगावं लागलं नाही. पाय मावेनासे झाले तेव्हा त्याचं त्यालाच कळलं. मग त्याने स्केट्सची चाकं काढून एका फळीला ठोकली आणि ती फळी आईच्या तांदळाच्या डब्याखाली घातली. पुढे पुष्कळ वर्षं आमच्या स्वयंपाकघरात तो डबा ऐटीत इकडून तिकडे फिरत होता.

पुण्याला शेजारच्या मुलीला स्केटिंगच्या वर्गाला सोडायला मी जाऊ लागले, ती २०२२ सालची गोष्ट. तिच्या आईची नोकरी, आणि मी ‘घरीच’; हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. पायरीवर पिशव्या सांभाळत बसलेल्या आयांमध्ये महिनाभर बसले आणि एक दिवस भीड सोडून शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, “मोठ्यांसाठी असतो का वर्ग?” ती म्हणाली, “किती मोठी आहे मुलगी?” मुलगी एक्कावन्न वर्षांची आहे, असं सांगितल्यावर ती हसली नाही. माझ्या पायांकडे बघून तिने मापाचा आकडा सांगितला. याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

आठवण पायात राहते म्हणतात, अर्धीच राहते. तोल कसा असतो ते पायांना आठवत होतं, पण मधल्या काळात मला भीती शिकवून झाली होती. बाराव्या वर्षी जमीन जवळ असते आणि आपण हलक्या असतो. आता जमीन लांब गेली आहे आणि वजनाविषयी या सभेत बोलायला नको. भीती वाटली की माणूस ताठ होतं आणि मागे रेलतं. चाकांवर तेवढंच करायचं नसतं. मागे रेललात की पाय पुढे पळतात आणि आपण मागे राहतो. गुडघे वाकवून अंग पुढे झुकवायचं. मंगळागौरीच्या फुगडीत आपण मागे रेलतो ते चालतं, कारण समोर ओढून धरणारी असते. इथे समोर कुणी नसतं. चालताना आपण पाऊल मागे रेटतो, इथे बाजूला रेटायचं. आणि वळायचं असेल तर पाय वळवायचा नाही, त्या बाजूला नुसतं कलायचं.

या कलण्याला मोठा इतिहास आहे. आज बेल्जियममध्ये असलेल्या एका गावात जन्मलेला जोसेफ मर्लिन नावाचा हुन्नरी कारागीर अठराव्या शतकात लंडनला येऊन राहिला. चाकांचे बूट घालून आणि व्हायोलिन वाजवत तो एका मेजवानीत शिरला. पण त्याला वळता येईना आणि थांबताही येईना, म्हणून तो थेट एका भारी किमतीच्या आरशावर जाऊन आदळला, असं सांगतात. आरसा गेला, व्हायोलिन गेलं आणि मर्लिनसाहेब चांगलेच जखमी झाले. वळण्याची सोय नीट झाली ती १८६३ साली. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्टन याने दोन चाकं पुढे, दोन मागे ठेवून आसाजवळ रबराची उशी बसवली. अंग कललं की रबर दाबलं जातं, चाकं आपसूक वळतात. माझ्या स्केट्समध्ये आजही तीच युक्ती आहे. चाकं मात्र आता लोखंडी नसतात, पॉलियुरेथेनची असतात. ती आवाज करत नाहीत. पहिल्या दिवशी मला त्या शांततेचंच नवल वाटलं. गॅलरीत येऊन कुणी ओरडणार नव्हतं!

वर्षभरात मला पुढे जाता येऊ लागलं, एक पाय मागे आडवा घासून थांबता येऊ लागलं, आणि पडता येऊ लागलं. पडायलाही शिकावं लागतं. तोल गेला की हात पुढे जातो, हा देहाचा स्वभाव. तो मोडून गुडघ्यांवर पडायचं, गुडघ्यांना पॅड असतात. तरीही हात जायचा तो जातोच, म्हणून मनगटाला आतून कडक पट्टी असलेले पट्टे बांधतात.

२०२३ च्या सप्टेंबरात एका सकाळी, माझ्या दोन फेऱ्या झाल्या असताना घरून फोन आला. फोन घ्यायला मी उजव्या हाताचा पट्टा सोडला. यजमान विचारत होते, “हिंगाची डबी कुठे आहे?” हिंगाची डबी गेली सव्वीस वर्षं जिथे आहे तिथेच आहे, असं सांगून फोन खिशात घातला. पट्टा बाकावर राहिला. एकच फेरी तर घ्यायची आहे, असं म्हणून निघाले, आणि गुलमोहराची एक वाळकी शेंग पुढच्या चाकाखाली आली. हात पुढे गेला. मनगट मोडलं.

प्लास्टर सहा आठवडे होतं. त्या काळात माझ्या हाती, म्हणजे डाव्या हाती, १९९६ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास लागला. त्यातले स्केट्स एका ओळीत चाकं असलेले होते, पण पडण्याची रीत सारखीच. असे मनगटपट्टे न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका घालणाऱ्यांच्या सुमारे दहापट, असा त्याचा निष्कर्ष आहे. एखादी गोष्ट फार उशिरा वाचनात येते.

घरी जे यायचे ते पहिला प्रश्न एकच विचारत: “आता घराचं कसं?” दुखतंय का, हे त्यानंतर. त्याच महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचंही मनगट मोडलं. तेच हाड, तसंच प्लास्टर. त्यांच्याकडे मोसंबी आली, माझ्याकडे उपदेश आला. न्हाणीघरात कशाला गेला होतात, असं त्यांना कुणी विचारलं नाही. मला त्यांचा हेवा वाटला, हे कबूल करते.

परंतु एका व्यक्तीचं बोलणं मला असं हसून बाजूला सारता आलं नाही. माझ्या सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांची आंघोळ, वेणी, औषधं, रात्री उठवून नेणं, सगळं माझ्या हातचं. पहिले दोन दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या रात्री अंधारात म्हणाल्या, “तुझा एक हात मोडला की माझे दोन्ही मोडतात, एवढं लक्षात ठेव.” त्यात राग थोडा होता, भीती पुष्कळ होती. स्वतःच्या शरीरावर आपला हक्क असतो, हे आपण या सभागृहात अनेकदा ऐकलं आहे आणि मी टाळ्याही वाजवल्या आहेत. पण माझ्या हातांवर खरोखरच आणखी एक जीव अवलंबून होता. त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. आजही पुरतं सुचलेलं नाही.

२ ऑक्टोबर २०२३ ला बातम्यांत हांगचौच्या आशियाई खेळांमधली तीन हजार मीटरची स्केटिंगची रिले दाखवली. आपल्या मुलींनी, संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हिरल साधू आणि आरती कस्तुरीराज यांनी, कांस्यपदक मिळवलं. मुलांनीही त्याच दिवशी मिळवलं. मुलांच्या शर्यतीत कोरियाचा शेवटचा गडी पहिला येत होता. त्याने रेषेच्या अलीकडेच आनंदाने हात वर केले, तेवढ्यात तैवानच्या गड्याने पाय पुढे टाकून सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्णपदक नेलं. सासूबाई माझ्या शेजारी बसून बघत होत्या. माझ्या प्लास्टरकडे एकदा पाहून म्हणाल्या, “ह्याचंही हातानेच नुकसान केलं.” त्या आठवड्यात आम्ही दोघी प्रथमच हसलो.

तरी प्लास्टर निघाल्यावर मी स्केट्स माळ्यावर टाकले. सात महिने ते तिथे होते. डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला सांगितली. ती कमी निघाली. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं भराभर विरळ होतात आणि पन्नाशीनंतर मनगट मोडणं ही बहुतेक वेळा त्याची पहिली सूचना असते, असं त्यांनी समजावलं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि उभ्याने करायचा व्यायाम. “चाला,” ते म्हणाले. स्केटिंगचं विचारलं तेव्हा जरा थांबून म्हणाले, “मी करा म्हणणार नाही. करणारच असाल तर पट्टा काढू नका.” मी चालू लागले. चालणं ही फार गुणी गोष्ट आहे. मला तिचा अतोनात कंटाळा आला.

शेवटी माळ्यावरून स्केट्स काढायला लावले ते सासूबाईंनीच. उदारपणे नव्हे. सात महिने मी घरात जो चेहरा करून वावरत होते, तो त्यांना सोसवेना. “रोज सकाळी तो चेहरा बघण्यापेक्षा तू पडलेली परवडलीस,” असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मात्र अट घातली: आधी माझी सोय, मग तुझी चाकं. ते मला न्याय्य वाटलं. तीन सकाळी त्यांच्या आंघोळीला एक बाई ठेवली. तिचा पगार माझ्या भरतकामाच्या पैशांतून निघत नाही, हे आपण सर्वजणी जाणताच. तो घरखर्चातून जातो, आणि हे वाक्य ह्यांच्यासमोर उच्चारायला मला स्केटवर उभं राहण्यापेक्षा अधिक धैर्य लागलं. ती बाई आंघोळीचं पाणी माझ्यापेक्षा बेताचं गरम काढते, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. हे मला जरा लागतं. फोन आता मी घरीच ठेवून जाते. हिंगाची डबी सापडते.

२०२४ च्या मे महिन्यात मी पुन्हा उभी राहिले. निघण्यापूर्वी सासूबाईंनी स्केट मांडीवर मागून घेतला आणि बोटाने एक चाक फिरवलं. आतल्या छर्ऱ्यांमुळे ते बराच वेळ फिरत राहतं. ते थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या, मग दुसरं फिरवलं. आठही चाकं फिरवून झाल्यावर म्हणाल्या, “जा आता, उन्हं येतील.” त्यानंतर मी दोनदा पडले आहे, दोन्ही वेळा गुडघ्यांवर.

माझा वेळ संपला, अशी खूण चिटणीसबाई करीत आहेत. स्केट्स मी आज पिशवीतून आणले आहेत. मागच्या अंगणातली फरशी गुळगुळीत आहे, ते येताना पाहून ठेवलं. चहा झाल्यावर ज्यांच्या पायाचं माप पाच किंवा सहा असेल त्यांनी तिकडे यावं. धरायला मी आहे. साडीचा पदर मात्र घट्ट खोचून यावं. मनगटपट्टेही आणले आहेत. ते आधी बांधायचे, मग स्केट्स.