यष्टिरक्षकाची उमेदवारी



फलंदाजाच्या सुरुवातीचा अंदाज धावांवरून घेता येतो, गोलंदाजाचा बळींवरून. यष्टिरक्षकाचा हिशेब इतका सरळ नसतो. संघात फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच. यष्टिरक्षकाची जागा मात्र एकच. ती भरलेली असेल तर मागच्या गुणी खेळाडूला थांबावेच लागते. या थांबण्याला आपण दुर्दैव म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की ही वर्षे नीट वापरली गेली तर तीच त्याच्या कारकिर्दीचा पाया ठरतात आणि ती नीट वापरली जातील हे पाहणे ही निवड समितीची व क्रिकेट संघटनांची जबाबदारी आहे.

बडोद्याच्या किरण मोरे यांची सुरुवात पाहा. १९८२-८३ मध्ये विशीच्या उंबरठ्यावर ते वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले, ते सय्यद किरमाणींच्या मागचे दुसरे यष्टिरक्षक म्हणून. पहिला एकदिवसीय सामना मिळाला डिसेंबर १९८४ मध्ये पुण्याला आणि पहिली कसोटी जून १९८६ मध्ये लॉर्ड्सवर. मधल्या काळात ते नुसते बाकावर बसून नव्हते. १९८३-८४ च्या रणजी हंगामात त्यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद १५३ आणि उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद १८१ धावा केल्या. म्हणून इंग्लंडमध्ये संधी आली तेव्हा तयारी पूर्ण होती: तीन कसोटींत १६ झेल, तेही स्विंग होणाऱ्या आणि यष्टी ओलांडल्यावरही वळत राहणाऱ्या चेंडूंवर. खुद्द किरमाणींची कथाही अशीच. १९७१ आणि १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यांत ते फारूख इंजिनिअर यांच्या मागे होते. कसोटी पदार्पण झाले १९७६ मध्ये न्यूझीलंडमध्ये, आणि दुसऱ्याच कसोटीत एका डावात सहा बळी टिपून त्यांनी तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली.

या काळात हात नेमके काय शिकतात? फिरकीला यष्टींना चिकटून उभे राहताना यष्टिरक्षकाची सगळी मदार उठण्याच्या वेळेवर असते. बसल्या जागेवरून त्याने चेंडूच्या उसळीबरोबर वर यायचे असते. क्षणभर आधी उठला, तर खाली राहिलेला चेंडू ग्लोव्ह्जखालून निघून जातो. लेगस्टंपबाहेर टप्पा पडला की फलंदाजाचे शरीर आड येते आणि चेंडू दिसेनासा होतो. तेव्हा गोलंदाजाच्या मनगटावरून वाचलेली दिशाच कामी येते. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणी यांनी पदार्पणातच १३६ धावांत १६ बळी घेतले. त्याच कसोटीत मोरे यांनी सहा फलंदाजांना यष्टिचीत केले, त्यातले पाच दुसऱ्या डावात. एका कसोटीतला तो विश्वविक्रम ठरला. खेळपट्टी फिरकीला धार्जिणी होती आणि वेस्ट इंडीजचे फलंदाज पुढे सरसावत होते, हे खरे. पण त्याच खेळपट्टीवर चेंडू वेडावाकडा उसळत होता आणि पुढे आलेल्या फलंदाजाला चकवून आलेला चेंडू आधी हातात थांबवावा लागतो. संधी खेळपट्टीने दिली, ती साधली तयार हातांनी.

यावर एक आक्षेप येतो: प्रतिभा असेल तर वाट कशाला पाहायची? उत्तर पार्थिव पटेलच्या उदाहरणात आहे. २००२ मध्ये, एकही रणजी सामना खेळलेला नसताना, वयाच्या १७ व्या वर्षी तो नॉटिंगहॅमला कसोटी खेळला आणि शेवटच्या दिवशी चिवट फलंदाजी करून सामना वाचवायला हातभार लावला. हिंमत आणि गुण, दोन्हींत तो कमी नव्हता. पण झेल-यष्टिचीतच्या संधी हुकू लागल्या आणि २००४ मध्ये जागा गेली. ज्या चुका रणजीच्या मैदानावर होऊन सुधारायच्या, त्या त्याच्या वाट्याला कसोटीत आल्या. पुढे देशांतर्गत क्रिकेटमध्ये घडलेल्या याच पार्थिवने २०१६-१७ मध्ये कर्णधार म्हणून गुजरातला रणजी करंडक जिंकून दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज यष्टिरक्षकाकडून धावा हव्यात. मग हातांच्या कसबाला इतके महत्त्व का? धावा हव्यातच, मोरे यांनीही त्या केल्या होत्या. पण यष्टिरक्षकाने किती धावा वाचवल्या वा घालवल्या हे धावफलकावर दिसत नाही, म्हणून तुलना एकतर्फी होते. १९९० मध्ये लॉर्ड्सवर याच मोरे यांच्याकडून ग्रॅहॅम गूचचा झेल ३६ धावांवर सुटला आणि गूचने ३३३ केल्या. उमेदवारी कोणाला चुकांपासून कायमचे मुक्त करत नाही, हे त्यातून दिसते. एका सुटलेल्या झेलाची किंमत किती असू शकते, हेही दिसते. इतकी किंमत असलेले काम अर्धवट शिकलेल्या हातांत देणे परवडणारे नाही.

म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. दुसऱ्या यष्टिरक्षकाला दौऱ्यावर नेले तर सराव सामन्यांत त्याच्याकडे ग्लोव्ह्ज द्यावेत. दौरा नसेल तेव्हा तो रणजीत, वळणाऱ्या खेळपट्ट्यांवर, संपूर्ण हंगाम खेळला पाहिजे. आणि राज्य संघाची निवड करताना यष्टिरक्षणाची पारख धावांपासून वेगळी, जाणत्या यष्टिरक्षकाच्या नजरेतून व्हावी. थांबावे तर लागणारच आहे, कारण जागा एकच आहे. त्या थांबण्यातून खेळाडू घडतो की गंजतो, हे मात्र आपण त्याला खेळायला किती देतो यावर ठरते.