घरच्या छायाचित्राचे कोडे

जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत मागच्या रांगेत उभी असलेली मंडळी कोण, हे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत जातात. भिंतीवरच्या तसबिरीकडे मुलांचे सहसा लक्ष जात नाही. परंतु तीच तसबीर तुकड्यातुकड्यांनी हाती आली, तर ती जुळवण्यात मुले रंगून जातात. असे कोडे घरच्या घरी करता येते.

या खेळाचा उगमच शिक्षणात आहे. १७६० च्या दशकात लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने लाकडी फळीवर नकाशे चिकटवले, देशांच्या सीमांवरून ते कापले आणि भूगोलाच्या अभ्यासासाठी विकले. एका देशाची जागा शोधताना त्याच्या शेजाऱ्यांचीही ओळख होई. कुटुंबाच्या छायाचित्रालाही हाच न्याय लागू पडतो.

मूळ छायाचित्रावर मात्र करवत कधीही चालवू नये. त्याची ८ बाय १० इंचांची प्रत करून घ्यावी. सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत प्लायवुडवर लाकूडकामाच्या पांढऱ्या डिंकाचा पातळ थर सारखा पसरावा. प्रत मध्यापासून कडांकडे दाबत बसवावी, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. मागील बाजूसही कागद चिकटवावा. कागद एकाच बाजूस असला, तर फळी वाकण्याचा संभव असतो. मग सपाट वजनाखाली ती रात्रभर वाळू द्यावी.

कापण्यासाठी बारीक पात्याची, नक्षीकामाची करवत घ्यावी. पात्याचे दाते खाली मुठीकडे आणि चित्र वर असावे. त्यामुळे कडेचे खडबडीत तंतू मागल्या बाजूस निघतात. करवत उभी आणि सरळ धरून वळणावर फळी फिरवावी. पाते तिरपे झाले, तर तुकडे एकाच बाजूने बसतात. तुकडे २ इंचांचे ठेवल्यास २० होतात, १ इंचाचे ठेवल्यास ८०. लहान मुलांना २० पुरेत. शेवटी कडांवरून काचकागद हलकेच फिरवावा.

खरा विचार रेषा आखताना करावा लागतो. चेहऱ्यावरून रेषा नेऊ नये. एक चेहरा शक्यतो एकाच तुकड्यात राहावा. कोऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे तुकडे एकसारखे दिसतात, म्हणून तो भाग थोडाच ठेवावा. आणि प्रत्येक चेहऱ्याच्या तुकड्यामागे त्या व्यक्तीचे नाव, नाते आणि गाव लिहावे. त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल, आणि ते आजच विचारलेले बरे. एक शाखा इंदुरात, दुसरी बडोद्यात, तिसरी बेळगावात, अशी पांगलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथील मुलांनी एकमेकांचे आजोबा पाहिलेले नसतात.

तयार तुकडे मोजून डब्यात भरावेत आणि झाकणावर संख्या लिहावी. हरवलेला तुकडा पुन्हा कापता येईल. परंतु त्यामागे लिहावयाचे नाव सांगणारे कोणी उरले नाही, तर चित्र पूर्ण जुळूनही कोडे सुटणार नाही.