माप कुणाचं, हात कुणाचा, नाव कुणाचं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



हिंसाचार, पोटगी, रेशन, आरोग्य असे विषय झाल्यावर 'एका डिझायनरच्या आवडीनिवडी' हा विषय तोंड गोड करण्यापुरता ठेवलाय, असं कुणाला वाटलं तर मी रागावणार नाही. मी कपड्यांचं आणि घरात लागणाऱ्या वस्तूंचं डिझाइन करते. इमारती बघत फिरायचा मला नाद आहे. 'चळवळीत असून तुला हा नाद कसा?' असं मला वरचेवर विचारलं जातं. फॅशन म्हणजे बाईची बाहुली करायचा धंदा, असं आपण म्हणत आलो आहोत आणि त्यात तथ्य आहेच. पण आपण प्रत्येकजण रोज काहीतरी नेसतो, काहीतरी हातात धरतो, कुठल्यातरी चार भिंतींत वावरतो. ते सगळं कुणीतरी, कुणाच्या तरी सोयीने ठरवलेलं असतं. ते कुणी ठरवलं, हे विचारणं आपल्या कामातच येतं. म्हणून माझ्या आवडीच्या काही गोष्टी आज तुमच्यापुढे ठेवते. प्रत्येकीला मी तीन प्रश्न विचारते : ही कुणाच्या मापाची? कुणाच्या हातची? आणि कुणाच्या नावाची?

कपड्यांपासून सुरुवात करू. कपड्यांमधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे खिसा. हसू नका. अठराव्या शतकात युरोपातल्या बायका घागऱ्याच्या आत, कमरेला नाडीने बांधलेले मोठे खिसे वापरत. घागऱ्याला बाजूने चीर असे, तिच्यातून हात घालायचा. किल्ल्या, पैसे, कात्री, सुईदोरा, पत्रं, सगळं त्यात मावे. शतकाच्या अखेरीला उंच कमरेच्या, अंगासरशी पडणाऱ्या झग्यांची फॅशन आली. आतले खिसे फुगून दिसू लागले, म्हणून ते गेले. त्यांच्या जागी हातात धरायची चिमुकली पिशवी आली. बाईचा एक हात अडकला आणि तिचं सामान जेमतेम रुमालापुरतं उरलं. पुरुषांच्या कपड्यांना मात्र खिसे शिवलेलेच राहिले.

याला बायकांनी विरोधही केला. १८८१ साली लंडनमध्ये 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली. श्वास कोंडणाऱ्या कॉर्सेटला आणि चालणं मुश्कील करणाऱ्या जड घेरांना तिचा विरोध होता. आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांहून जास्त नसावं, अशी तिची मागणी होती. सात पौंड म्हणजे तीन किलोंच्या वर. एवढं वजन नुसतं आत घालायचं, आणि ही म्हणे सुधारणा! त्याआधी काय परिस्थिती असेल, याचा अंदाज करा.

आपल्याकडे शिंप्याने बाईला खिसा दिला नाही, तर बाईने तो स्वतः शोधून काढला. पदराची गाठ आहे, कमरेला खोचलेली चंची आहे, चोळीत ठेवलेली पुरचुंडी आहे. नऊवारीचं तर मला मोठंच कौतुक आहे. एकही टाका न घालता तयार होणारं, काष्टा मारला की शेतात वाकता येईल, मच्छीची पाटी उचलता येईल, असं वस्त्र. ते अंगावर बसवण्याची युक्ती कुण्या एका डिझायनरची नाही. पिढ्यान् पिढ्या काम करणाऱ्या बायकांनी ती घडवली. आणि आज आपल्या मुलींच्या जीन्सला खिसा असतो तो दोन बोटं खोल, किंवा नुसती शिवण. पंजाबी ड्रेसला खिसा लावून मागितला तर 'लेडीजला कशाला?' असं उत्तर मिळतं. स्वतःचे पैसे आणि स्वतःची किल्ली स्वतःच्या अंगावर असणं, ही साधी गोष्ट आहे का? ती आपण मागून घेतली पाहिजे.

दुसरा आवडता कपडा म्हणजे 'शर्टवेस्ट'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नोकरीला बाहेर पडलेल्या मुलींनी तो उचलून धरला. पुरुषी शर्टाच्या वळणाचं, पुढे बटणं असलेलं, तयार मिळणारं पोलकं म्हणा ना. आपलं आपल्याला घालता येतं, हात मोकळे राहतात. त्याची बेतणी मला आजही सुंदर वाटते. पण सुंदर म्हणून थांबता येत नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये शर्टवेस्ट शिवणाऱ्या 'ट्रँगल' कारखान्याला आग लागली. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर हा कारखाना होता. जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं. १४६ माणसं मेली, त्यातल्या १२३ बायका आणि मुली होत्या. बहुतेकजणी इटलीहून आणि पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरित, कोवळ्या वयाच्या. त्याआधी दीडच वर्षापूर्वी, १९०९ मध्ये, शर्टवेस्ट शिवणाऱ्या सुमारे वीस हजार कामगारांनी संप केला होता आणि त्यातही बहुसंख्य बायकाच होत्या. ज्या कपड्याने एकीचे हात मोकळे केले, तो दुसरीला कोंडून शिवून घेतला जात होता.

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार इथे 'राणा प्लाझा' ही इमारत कोसळली. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी शिवणकामगारांना कामावर बोलावलं गेलं. अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यातही बहुसंख्य बायका. तिथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या चकचकीत दुकानांत जात होते. तेव्हा कपडा हातात घेतला की मी आधी त्याची शिवण उलटून बघते. टाका सरळ आहे का हे तर बघतेच, पण तो घालणारीला दिवसाचे काय मिळाले असतील, हाही विचार करते.

आता घरातल्या वस्तूंकडे वळते. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर पतिपत्नी इथे फिरले आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. या देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यात भावला तो आपला साधा लोटा. पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, अशा किती प्रश्नांची उत्तरं त्या एका घाटात आहेत, हे त्यांनी उलगडून दाखवलं. आणि हे कुणा एका माणसाचं काम नाही, हेही सांगितलं.

मला लोट्याइतकीच कळशी आवडते. तिची कड हाताच्या विळख्यात येते, पोट कमरेवर टेकतं. बाईच्या अंगाचं माप घेऊनच ती घडवली आहे. पण इथे आपण जरा थांबलं पाहिजे. कळशी इतकी अंगाबरोबर बसते, कारण ती वर्षानुवर्षं बाईनेच वाहिली. दुष्काळी गावात मैलभर पायपीट करणाऱ्या बाईला कळशीच्या सौंदर्यावर व्याख्यान देणं हा शुद्ध निर्दयपणा आहे. तिच्यासाठी चांगलं डिझाइन म्हणजे दारातला नळ. वस्तूवर प्रेम करावं, पण ती ज्या कष्टासाठी बनली त्या कष्टावर करू नये, असं मी स्वतःला बजावत असते.

तिसरा प्रश्न नावाचा. माझं सगळ्यात आवडतं टेबल आयलीन ग्रे या आयरिश बाईचं आहे. जन्म १८७८, मृत्यू १९७६. पोलादी नळीची चौकट आणि वर काचेची गोल थाळी. पाय असा की तो पलंगाखाली सरकतो आणि थाळी पलंगावर येते. उंची कमीजास्त करता येते. आजारी माणसाला, बाळंतिणीला, रात्री वाचत पडणारीला किती सोयीचं! हे टेबल तिने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून इथे १९२६ ते १९२९ या काळात बांधलेल्या घरासाठी केलं. घराचं नाव 'ई-१०२७'. ई म्हणजे आयलीन, १० आणि २ हे वर्णमालेतल्या क्रमाने तिचा साथीदार ज्याँ बादोविची याच्या नावातली जे आणि बी ही अक्षरं, आणि ७ म्हणजे ग्रेचा जी. ऊन कुठून येतं, माणूस कुठे बसतो, टोपी कुठे ठेवतो, हे सगळं तिने बारकाईने पाहिलं होतं.

पुढे ती त्या घरातून निघून गेली. १९३८-३९ मध्ये ल कॉर्बुझिए, म्हणजे आपल्या चंदीगडची रचना करणारा जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार, तिथे पाहुणा म्हणून आला आणि त्याने तिच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. तिला विचारलं नाही. तिला तो आपल्या कामावरचा हल्ला वाटला. पुढे कित्येक वर्षं ते घर बादोविचीचं किंवा कॉर्बुझिएचं म्हणून ओळखलं जात होतं. घर आता दुरुस्त होऊन लोकांना बघायला खुलं आहे. २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ग्रेची एक खुर्ची सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना गेली. पण तोवर तिला जाऊन तेहतीस वर्षं झाली होती.

ही एकटीची गोष्ट नाही. १९९१ मध्ये वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक रॉबर्ट व्हेंच्युरी यांना मिळालं. त्यांची पत्नी आणि बरोबरीची भागीदार डेनिस स्कॉट ब्राऊन हिचं नाव त्यात नव्हतं. २०१३ मध्ये दोन विद्यार्थिनींनी सह्यांची मोहीम काढली, तरी निर्णय बदलला नाही. हे पारितोषिक एका बाईला पहिल्यांदा मिळालं ते २००४ मध्ये, झाहा हदीद हिला. आणि आपल्या मुंबईत पेरीन मिस्त्री हिने जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली १९३६ साली. आपल्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकलं होतं?

शेवटी तुमच्या-माझ्या रोजच्या जागेबद्दल, स्वयंपाकघराबद्दल. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगार-मध्यमवर्गीयांसाठी मोठ्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांच्यासाठी मार्गारेटे लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुरचनाकार बाईने स्वयंपाकघर आखलं. कामाला किती पावलं पडतात, किती वेळ लागतो, हे मोजून. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. खिडकीशी कामाचा ओटा, फिरतं स्टूल, साली आणि देठं ढकलायला ओट्यातच खण, पीठ-साखर-तांदळासाठी धरायला सोपे डबे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज ज्याला आपण 'मॉड्यूलर किचन' म्हणतो, त्याची ही आजी. ही बाई पुढे हिटलरविरोधी लढ्यात उतरली, १९४१ मध्ये पकडली गेली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि १९४५ मध्ये युद्ध संपताना सुटली. वयाची शंभरी ओलांडून २००० साली ती वारली.

कष्ट कमी व्हावेत, बाईला बाहेरच्या कामाला वेळ मिळावा, हा तिचा हेतू. मला त्याबद्दल आदर आहे. पण पुढच्या पिढीतल्या स्त्रीवाद्यांनी बोट ठेवलं ते बरोबरच होतं. त्या स्वयंपाकघरात एकच माणूस मावतो, आणि ते माणूस कोण हे कुणी विचारलंच नाही. पावलं कमी झाली, पण चालणारी तीच राहिली. आजही फ्लॅटचा नकाशा बघताना मी हेच बघते : इथे दोघं मिळून पोळ्या करू शकतील का?

आणि ओट्याची उंची? आपल्याकडे बाईची उंची सरासरी पाच फुटांच्या आसपास. ओटा मात्र गवंडी सगळीकडे एकाच ठरलेल्या उंचीचा करतो. कुणाची कंबर धरते, कुणाचे खांदे. माप सोपं आहे. सरळ उभं राहून कोपर वाकवा. कोपराच्या चार-सहा बोटं खाली ओटा हवा. घराबाहेर तर आपलं माप धरलेलंच नसतं. २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेत कार्यकर्त्या बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांचा प्रश्न लावून धरला. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हे त्यांनी चव्हाट्यावर आणलं. माझ्या मते आपल्या शहरांच्या वास्तुरचनेवरची ही फार मोलाची टीका आहे.

तेव्हा तुमच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. गटाच्या पुढच्या बैठकीला शिवणाचा टेप न्या, प्रत्येकीच्या कोपराची आणि तिच्या ओट्याची उंची मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. घरकुलाचं काम चालू असेल तिथे ते आकडे घेऊन जा. दुसरं, कपडा शिवायला टाकताना खिसा मागा, आणि मुलीच्या कपड्याला आधी. तिसरं, बचत गटाच्या प्रदर्शनात गोधडी विकायला ठेवाल तेव्हा नुसती किंमत लिहू नका. जिने ती शिवली तिचं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहा, आणि किती दिवस लागले तेही लिहा.

मला सुंदर वस्तू आवडतात आणि आवडत राहतील. त्या आपल्या मापाच्या असाव्यात, शिवणारीला पोटभर मिळावं आणि करणारीचं नाव राहावं, एवढं आपण मिळून मागू या.