लघवीतले बेन्स जोन्स प्रथिन

१८४५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्या हाती एक परीक्षानळी पडली. पाठवणारे होते त्या काळचे नावाजलेले डॉक्टर थॉमस वॉटसन. नळीत एका रुग्णाची लघवी होती आणि सोबतच्या चिठ्ठीत शेवटी विचारले होते, हे आहे तरी काय?

रुग्ण होता पंचेचाळिशीतला एक प्रतिष्ठित किराणा व्यापारी. आदल्या वर्षी सुट्टीवर असताना एका भुयारातून उडी मारून बाहेर येताना त्याच्या छातीत काहीतरी कडकन मोडल्यासारखे झाले, आणि तेव्हापासून दुखणे हटेना. जळवा लावून झाल्या, लोह आणि क्विनीन देऊन झाले. मध्ये थोडा आराम पडला, पण माणूस खंगतच गेला.

त्याची लघवी तापवून पाहिली ती डॉक्टर विल्यम मॅकिन्टायर यांनी. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही. लघवीतले नेहमीचे अल्ब्युमिनही तसेच. इथे मात्र साका उकळल्यावर विरघळे आणि निवल्यावर परत धरे! मॅकिन्टायर यांनी ही हकिगत १८५० मध्ये छापली. बेन्स जोन्स तोवर लिहून मोकळे झाले होते, म्हणून प्रथिनाला नाव त्यांचे लागले. मॅकिन्टायर यांच्यावर हा थोडा अन्यायच.

रुग्ण १८४६ च्या आरंभी गेला. शवविच्छेदनात त्याची हाडे मऊ आणि ठिसूळ झालेली आढळली. या आजाराला आज मल्टिपल मायलोमा म्हणतात.

चिठ्ठीतल्या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळायला १९६२ साल उजाडले. जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवून दिले, की हे प्रथिन म्हणजे अँटिबॉडीचाच एक तुकडा, तिची हलकी साखळी. हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी तयार करतात. त्यांतल्या एकाच पेशीची पिलावळ बेसुमार वाढली, की एकाच साच्याच्या हलक्या साखळ्यांचा पूर येतो. आकाराने लहान असल्याने त्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटतात आणि फार झाल्या की पुढच्या बारीक नलिकांत साचून त्या तुंबवतात.

आता लॅबमधली गोम. लघवीत बुडवायची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. या साखळ्या तिला बहुधा दिसतच नाहीत. रिपोर्टवर ‘प्रोटीन निल’ येते आणि घरचे निर्धास्त होतात. साखळ्या पकडायच्या तर लघवीचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन करावे लागते. जोडीला रक्तातल्या मोकळ्या हलक्या साखळ्या मोजतात. किती प्रथिन जाते हे पाहायला चोवीस तासांची लघवी लागते: सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट. मधली एखादी राहिली तर हिशेब चुकतो, तेव्हा लॅबला तसे सांगावे.

असे प्रथिन सापडले म्हणजे कर्करोगच, असेही नाही. काहींना नुसत्या देखरेखीवर ठेवतात. पण उतारवयात पाठ किंवा बरगड्या सतत दुखत असतील, हिमोग्लोबिन कारण नसताना उतरत असेल, क्रिएटिनिन चढत असेल, तर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात राहू नये. मूत्रपिंडावर त्यांचा आणखी भार पडतो. पट्टीचा रिपोर्ट कोरा असला, तरी या तपासण्या हव्यात का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.