अंगणात गेलेली शाळा



बालवाडीत शिकवणाऱ्या शिक्षिकेची ओळख करून देताना आपल्याकडे एक शब्द सहज तोंडून निघून जातो. तो शब्द म्हणजे 'फक्त'. 'त्या फक्त बालवाडीला शिकवतात!' महाविद्यालयातील प्राध्यापकाला मान, माध्यमिक शिक्षकाला प्रतिष्ठा, प्राथमिक शिक्षकाला निदान वेतनश्रेणी. आणि जिच्या स्वाधीन तीन वर्षांचे अजाण लेकरू केले जाते, त्या अंगणवाडी सेविकेला मात्र 'मानधन'. मूल जितके लहान, तितके त्याच्या शिक्षकाचे मोल कमी, असा हा उलटा हिशेब आहे. अवघे आयुष्य वेचून हा हिशेब ज्यांनी खोटा ठरवला, त्या अनुताई वाघ यांचे स्मरण आज करावयाचे आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला घराचा एखादा अंधारा कोपरा येत असे. अनुताईंनी मात्र पुस्तक हाती घेतले. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि १९२९ मध्ये त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण केले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात चार वर्षे खेड्यातील शाळेत काम केल्यावर त्या पुण्याच्या हुजूरपागेत रुजू झाल्या. दिवसा मुलींना शिकवावे आणि रात्रशाळेत स्वतः विद्यार्थिनी व्हावे, असा क्रम ठेवून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. नामांकित शाळेतील स्थिर नोकरी, शहरातील वास्तव्य आणि वयाची पस्तिशी असा तो टप्पा होता. अशा वेळी सामान्य माणूस निवृत्तीचा विचार करू लागतो. अनुताईंनी प्रारंभाचा विचार केला.

१९४५ मध्ये बोरिवली येथे ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली. ताराबाई या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला होता आणि मुंबईत दादरला शिशुविहार उभा केला होता. परंतु शहरातील सुखवस्तू मुलांना मिळणारे हे शिक्षण खेड्यातील गरिबाच्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी समुद्रकाठचे बोर्डी हे गाव निवडले आणि अनुताई त्यांच्या सोबत निघाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरील मुले येईनात. आई-बाप पहाटेच कामावर जात आणि पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. अशा वेळी 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असे म्हणून हात झटकणे सोपे होते. या दोघींनी दोष मुलांना दिला नाही, शाळेला दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे! म्हणून शिक्षिका वस्तीवर गेली. झोपडीपुढचे अंगण झाडले, मुलांना न्हाऊ-माखू घातले, केस विंचरले आणि मग गाणी व गोष्टी सुरू झाल्या. हीच ती अंगणवाडी. पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली बांधवांच्या परिसरात गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, त्यापुढे बालवाडी आणि तिला जोडूनच प्राथमिक शाळा, अशी 'विकासवाडी'ची रचना झाली. भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीचे हात मोकळे झाले, तेव्हाच तिच्या हाती पाटी आली.

मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग, म्हणून शिक्षण अडले नाही. बिया, शिंपले, खडे, पाने आणि बांबू हीच साधने झाली. चिंचोके मोजताना गणित आले आणि पानांचे आकार पारखताना निरीक्षण आले. मूल हे रिकामे मडके नव्हे. त्याच्या अंगी उपजतच शिकण्याची ओढ असते, शिक्षिकेने तिला वाट करून द्यावी, ही त्यामागील श्रद्धा होती. ज्ञान मुलाच्या परिसरातूनच उगवावे आणि शिक्षण त्याला घरापासून, मातीपासून तोडणारे नसावे, हा तिचा अर्थ.

यातील सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. इतके कार्य उभे असताना, १९६१ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी अनुताईंनी बी.ए.ची पदवी मिळवली. ना बढती, ना वेतनवाढ! लहान मुलाला शिकवणाऱ्याने स्वतः शिकणे थांबवू नये, एवढेच त्यामागे होते. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या आणि टेकडीचा भार अनुताईंनी पेलला. १९८४ मध्ये पद्मश्रीचा सन्मान त्यांच्याकडे चालत आला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

२ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या वस्तीवर रुजलेला 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. कोसबाडला जे दशकांपूर्वी आचरणात होते, ते आता कागदावर आले आहे.

परंतु कागद घरात उतरला आहे काय? तीन वर्षांच्या मुलाच्या चिमुकल्या बोटांत पेन्सिल कोंबून, शेजारच्या मुलापेक्षा त्याला अधिक अक्षरे यावीत म्हणून हट्ट धरणारे पालक सुशिक्षितच असतात. अवघे पाऊणशे वयमान लाभावे अशा जिवाची मुळे रुजण्याआधीच त्याची फळे मोजली जातात. शिक्षिकेला 'आज काय लिहून घेतले?' असे विचारले जाते. 'आज तो कशात रमला?' असे कोणी विचारत नाही.

म्हणून या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यावी. उद्या सकाळी आपल्या वस्तीतील अंगणवाडीच्या दारात क्षणभर थांबावे. तेथील ताईंना त्यांच्या कामाविषयी विचारावे, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि त्यांची ओळख दुसऱ्याला करून देताना तो 'फक्त' शब्द गाळावा. पायाचा दगड कोणाला दिसत नाही. पण इमारत त्याच्याच भरवशावर उभी असते.